बर्फातली काच

निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, हॉटेलात तुम्ही नेमकं काय करत होतात? मी म्हटलं, बर्फाचे गोळे करायचो. त्यांनी विचारलं, चौपाटीवर गाडी होती का? मग ते हसले आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. हे हसणं मी इतकी वर्षं ऐकत आलोय की आता राग येत नाही.

माझे गोळे काडीवर लावून, रंगीत सरबत ओतून चोखायचे नव्हते. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडे लहान, घोटून गोल केलेले, आणि इतके नितळ की पलीकडचा माणूस ओळखू यावा. एका ग्लासात एकच गोळा बसायचा. त्याच्यावर व्हिस्की ओतायची, नाहीतर बारवाला मिसळून देईल ते कॉकटेल. ऐंशीच्या दशकात अंधेरीत, विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात मी हे काम करत होतो. त्या काळी मुंबईत असे गोळे करणारा दुसरा कुणी असेल तर मला माहीत नाही. अभिमान वाटावा असंच काम होतं, आणि वाटायचाही. पण या अंकासाठी लिहायला बसलो तर अभिमानाच्या आधी भीतीच आठवते. म्हणून तीच लिहितो.

आम्ही मेस्त्री, कुडाळकडचे, पिढ्यान्‌पिढ्या सुतार. वडील गोरेगावच्या एका स्टुडिओत सेट उभे करायचे. मला हॉटेलच्या कोल्ड किचनमध्ये नोकरी लागली. कोल्ड किचन म्हणजे जिथं चूल नसते ते स्वयंपाकघर. तिथं सॅलड, कापलेली फळं, थंड मांसाच्या तबकांची मांडणी, असली कामं चालतात. लग्नाच्या जेवणात टेबलाच्या मधोमध बर्फाचा हंस ठेवायची तेव्हा फॅशन होती. हंस कोरणारा माणूस सोडून गेला आणि शेफनं विचारलं, पटाशी कुणाला चालवता येते? मी हात वर केला. एका दुपारी वडील माझा हंस बघायला आले. टेबलाभोवती दोनदा फिरले, मानेच्या बाकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "लाकूड थांबता. बरफ थांबणा नाय." कौतुक केलं की सावध केलं, ते मला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

पहिली भीती कोल्ड रूमची. भिंतीएवढ्या जाड दाराची ती खोली, आत कायम शून्याच्या खाली. हंस तिथंच कोरायचा, कारण बाहेर तो कोरता कोरता बदक होतो. एकदा मी आत असताना दिवे गेले आणि दाराची आतली कडी गोठून बसली. मी दारावर मुठी मारल्या. त्या दारातून मुठीचा तर सोडाच, हातोड्याचाही आवाज बाहेर जात नसे. काळोखात काही वेळानं थंडी वाजायची थांबते आणि छान झोप यायला लागते. ती झोप म्हणजे काय हे मला कुणीतरी सांगून ठेवलेलं होतं, म्हणून मी उभ्याउभ्या मोठ्यानं पाढे म्हणत राहिलो. मासेवाला मासळी ठेवायला आला म्हणून सुटलो. त्या दिवसापासून दारात लाकडाची पाचर ठोकल्याशिवाय मी आत पाऊल टाकलं नाही. दार बंद राहत नाही म्हणून शेफ चिडायचा. मी त्याला चिडू दिलं.

गोळ्यांचं खूळ आणलं ओकादासाहेबांनी. हे जपानी इंजिनियर. इथल्या कारखान्यांशी त्यांच्या कंपनीचे करार होत होते, त्यामुळे दर दोन-चार महिन्यांनी ते आमच्याकडे उतरायचे. संध्याकाळी बारमध्ये बसले की ग्लासातला बर्फाचा चुरा चमच्यानं बाहेर काढून ठेवायचे. बारचे मॅनेजर जयवंत प्रधान. उंच, नीटस, मुलुंडला राहणारे, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. त्यांनी एकदा विचारलं, साहेब, बर्फ का काढता? ओकादासाहेबांनी कागदाच्या रुमालावर एक मोठं वर्तुळ काढलं आणि शेजारी पुष्कळ बारीक ठिपके. बारीक बर्फाला चहूकडून दारू लागते, तो भराभर वितळतो आणि दारूचं पाणी होतं. एकच मोठा गोळा असला तर दारू गार होते, पण पातळ होत नाही. त्यातही गोल आकार सगळ्यांत चांगला, कारण त्याची बाहेरची बाजू सगळ्यांत कमी. प्रधानसाहेब तो रुमाल घेऊन थेट कोल्ड किचनमध्ये आले. "मेस्त्री, हंस करतोस ना? मग हंसाचं अंडं कर."

अंडं हंसापेक्षा अवघड निघालं. बाजारातली बर्फाची लादी मधोमध पांढरी असते. साच्यात पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि पाण्यातली हवा, क्षार, जे काय असेल ते मध्ये ढकललं जातं. तो पांढरा भाग ठिसूळ असतो. मरोळच्या बर्फाच्या कारखान्यातल्या फोरमनला मी पटवलं. आमच्या लाद्यांच्या साच्यात तो नळीनं हवेचे बुडबुडे सोडायचा, म्हणजे पाणी हलतं राहतं. शेवटी मधलं गढूळ पाणी उपसून ताजं भरायचा. अशी लादी काचेसारखी होते. ‘काचेसारखी’ हा शब्द तेव्हा आम्ही कौतुकानं वापरत होतो.

लादी करवतीनं कापून चौकोनी ठोकळे करायचे. ठोकळ्याचे कोपरे पटाशीनं उडवायचे, मग त्याला डाव्या तळव्यावर फडक्यात धरून धारदार सुरीनं तासत तासत गोल आणायचा. ओकादासाहेबांनी मला बारच्या मागं उभं राहून मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं. त्यांना मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी जेमतेम. आमचं सगळं हातांनीच चालायचं. झालेला गोळा पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवायचा. द्यायच्या आधी बाहेर काढून पाण्याखाली धरायचा, म्हणजे वरचं धुकं जाऊन तो नितळ होतो. मग थोडा वेळ ट्रेमध्ये घामू द्यायचा. तसाच कडक गोठलेला गोळा ग्लासात टाकून दारू ओतली तर तो टचकन तडकतो.

या कामातली भीती हाताची होती. गारठ्यानं बोटं बधिर होतात आणि बधिर बोटाला कापलेलं कळत नाही. गोळ्यात गुलाबी रेघ दिसली की आपण कापलोय हे कळायचं. मग कुठलं बोट ते शोधायचं. असा गोळा मोरीत टाकायचा आणि पट्टी बांधून नवा घ्यायचा. घरी बायको बोटं मोजायची. चेष्टाच आहे म्हणायची, पण मोजायची खरी.

तर आता त्या रविवारचं सांगतो.

मुलुंडचे एक कारखानदार होते, सबनीस. ओकादासाहेबांच्या कंपनीशी त्यांचा करार झाला, त्यानिमित्त त्यांनी आमच्याकडे दुपारचं जेवण ठेवलं होतं. हिरवळीवर मांडव, घरची माणसं, जपानी पाहुणे, कारखान्यातले लोक. सबनिसांची एकच अट होती. ओकादासाहेबांना खूश करायचं म्हणून प्रत्येक पाहुण्याच्या ग्लासात गोळा हवा. दारू न घेणाऱ्यांना सरबतातसुद्धा. मी आठवडाभर दुसरं काही केलं नाही. फ्रीझर भरला, हात सुजले. रविवारी सकाळी हंस टेबलावर चढवला आणि मनात म्हटलं, आता निवांत.

एप्रिलचं ऊन होतं. पाहुणे आले, पहिले ट्रे बाहेर गेले. मी बारच्या पॅन्ट्रीत उभा होतो. पॅन्ट्री म्हणजे बारच्या मागची अरुंद खोली. एका बाजूला मोरी, तिच्याशेजारी ओटा, ओट्यावर घामायला ठेवलेल्या गोळ्यांचा ट्रे आणि ट्रेच्या बरोबर वर ग्लासांची फळी. ग्लास कमी पडले म्हणून वेटरनं आणखी मागितले. मी फळीवरून एकेक उतरवून देत होतो. कोपऱ्यातला एक ग्लास उचलला आणि माझा अंगठा काठावरून खाली घसरला. काठाचा एक तुकडा उडालेला होता, बोराच्या पानाएवढा. फुटकी बाजू भिंतीकडे करून तो ग्लास कुणीतरी नीट परत ठेवला होता.

कुणी ठेवला ते आजतागायत कळलं नाही. फोडणाऱ्याचा पगार कापायचे तेव्हा. भीतीपोटीच ठेवला असणार.

मी खाली वाकून फरशी बघितली. ओटा, मोरीची जाळी, फळीची कड, सगळं बघितलं. तुकडा नव्हता. मग माझी नजर ट्रेकडे गेली. फ्रीझरमधून काढलेला गोळा ओला झाला की त्याला काहीही चिकटतं. चिकटलेल्यावर पाण्याचा थेंब पडला की तो तिथंच गोठतो आणि ती वस्तू गोळ्याचीच होऊन जाते. फडक्याचा धागा मी कितीदा असा चिमट्यानं काढला होता. धागा दिसतो. काच दिसत नाही. मी आठवडाभर झिजून जे गोळे नितळ केले होते, त्यांच्यात काच शोधणं म्हणजे पाण्यात पाणी शोधणं. ट्रे अर्धा रिकामा होता. बाकीचे गोळे बाहेर हिरवळीवर, लोकांच्या ओठांशी होते.

फुटका ग्लास हातात घेऊन मी बाहेर निघालो.

प्रधानसाहेब बाहेर पाहुण्यांशी बोलत होते. मी त्यांना बाजूला बोलावून ग्लास दाखवला. त्यांनी फुटक्या काठावर बोट फिरवलं, मग हिरवळीकडे बघितलं. खात्री आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, म्हणूनच आलो. नुसता संशय आहे म्हणून भर मांडवात काचेचं नाव काढावं, तर जेवण उधळेल आणि हॉटेलचं नाव जाईल. न बोलावं, तर कुणीतरी गिळेल. त्यांनी मधला रस्ता काढला. वेटरना बोलावून सांगितलं की सगळ्यांचे ग्लास उचला, हॉटेलतर्फे खास नवीन ड्रिंक येतंय म्हणा, बिनबर्फाचं द्या. एकही ग्लास मागं राहता कामा नये. कारण वेटरनाही सांगितलं नाही.

मी पॅन्ट्रीत परत आलो. मोठ्या पातेल्यात कढत पाणी ओतलं, दुसऱ्या पातेल्यावर मलमलचं फडकं बांधलं. आधी ट्रेमधले गोळे वितळवले आणि ते पाणी फडक्यातून गाळलं. काही नाही. मग ग्लास यायला लागले. व्हिस्की, सरबत, लिंबाची साल, गोळा, सगळंच ओतत गेलो. आठवड्याचं काम बघता बघता कोमट पाणी होऊन मोरीत चाललं होतं आणि त्याचं मला काहीही वाटत नव्हतं. प्रत्येक वेळी फडक्यावरून हात फिरवताना वाटायचं, आता लागेल. आणि लागावं असंही वाटायचं. हाताला लागलं तर कुणाच्या घशाला लागणार नव्हतं.

शेवटचा वेटर ट्रे ठेवून म्हणाला, झालं, सगळे आले. मी ट्रे बघितला. एका ग्लासात नुसतं सरबत होतं, गोळा नव्हता. वितळला म्हणावं तर इतक्यात वितळणारा तो नव्हताच. हा कुणाचा, मी विचारलं. वेटर सहज सांगून गेला, सबनीससाहेबांच्या आईंचा. त्यांनी गोळा काढून नातीला चोखायला दिला.

मी फडकं टाकलं आणि पळालो.

आई मांडवात पंख्याखाली बसल्या होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, मिनू ना, इथंच होती, हंस बघायला गेली असेल. हंसाजवळ ती नव्हती. जेवणाच्या टेबलांखाली मुलं लपाछपी खेळत होती, त्यांच्यात नव्हती. पोहण्याच्या तलावाकडे गेलो. तिथं नव्हती, आणि तिथं नव्हती म्हणून मनात आणखी एक भीती निर्माण झाली. पाण्याचा तळ बघून घेतला. युनिफॉर्म घातलेल्या माणसानं पाहुण्यांमधून धावायचं नाही असा आमच्याकडे नियम होता. त्या दुपारी मी नुसता धावत होतो आणि लोक वळून बघत होते.

ती सापडली लॉबीत, माशांच्या काचपेटीपुढं. सहा वर्षांची असेल. पिवळा परकर, दोन शेंड्या. दोन्ही हातांत कागदी रुमालात धरलेला गोळा, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसलो. दम लागला होता, पण हळू बोललो, कारण दचकून तिनं तोंड घट्ट मिटलं असतं तर काय, हेच मनात होतं. म्हटलं, बाळा, तो गोळा मला देतेस? मी दुसरा देतो.

ती माशांकडेच बघत होती. मग माझ्याकडे वळून, तक्रार केल्यासारखी म्हणाली, "काका, हा गोळा टोचतो."

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा ऐकलं असेल. बायको हाक मारायची आणि मला ते ऐकू यायचं.

मी तिच्या हातातून गोळा घेतला. तिनं दिला, रडली नाही. मी तिला आ करायला सांगितलं. जिभेवर रक्त नव्हतं, पण मागं घशाकडे काही दिसेना. कुठं टोचतो विचारल्यावर तिनं गळ्याला बोट लावलं. मी तिला कडेवर उचलून घेतलं, दुसऱ्या हातात गोळा, आणि पॅन्ट्रीच्या दारात पोचलो. प्रधानसाहेब तिथंच होते. मी गोळा कढत पाण्यात सोडला. आम्ही तिघंही बघत होतो. तो लहान होत गेला, सुपारीएवढा झाला, गेला. फडक्यावर पाणी ओतलं आणि मलमलवर तुकडा राहिला.

प्रधानसाहेबांनी तो चिमट्यानं उचलून फुटक्या ग्लासाच्या काठाला लावला. बसला. पण टोकाशी, तांदळाच्या कणीएवढी, जागा रिकामी राहिली.

ती जागा आम्ही दोघांनीही बघितली. प्रधानसाहेब उंच माणूस, पण त्या वेळी ते मला एकदम ओट्याएवढे वाटले. मी म्हटलं, कणी मोरीत गेली असेल, फडक्यातून निसटली असेल. ते म्हणाले, "असेल. पण ते आपण ठरवायचं नाही." आणि मिनूचा हात धरून हिरवळीवर गेले. मी मागोमाग.

सबनीस ओकादासाहेबांशेजारी उभे होते. प्रधानसाहेबांनी त्यांना सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, शब्द गिळले नाहीत, ग्लास आणि तुकडा पुढं धरला. सबनिसांनी मुलीला उचलून घेतलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"मघाशी. ग्लास उचलायला लावले तेव्हा."

"आणि आत्ता सांगताय?"

प्रधानसाहेबांनी मान खाली घातली. खास नवीन ड्रिंकचे ग्लास लोकांच्या हातांत होते आणि कुणीच पीत नव्हतं.

हॉटेलच्या डॉक्टरांनी टॉर्चनं घसा बघितला आणि सरळ हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. सबनीस, त्यांची बायको आणि मिनू पुढच्या गाडीत, प्रधानसाहेब आणि मी मागं टॅक्सीत. आम्हाला कुणी या म्हटलं नव्हतं. हॉस्पिटलात आम्ही जिन्यापाशी उभे राहिलो, त्यांच्या नजरेसमोर येणार नाही असे. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की घशात मागं एक ओरखडा आहे, काच आता तिथं नाही. एकतर थुंकीबरोबर बाहेर गेली असेल, नाहीतर पोटात गेली असेल. पोटात गेली असेल तर थांबून बघायचं. केळी आणि मऊ भात द्या, पोट दुखलं किंवा रक्त दिसलं तर लगेच ऑपरेशनची तयारी.

थांबून बघायचं. हंस कोरताना, लादी गोठताना, गोळा घामताना मी थांबतच आलो होतो, पण असलं थांबणं मला ठाऊक नव्हतं. वॉर्डाच्या दाराला गोल काच होती. तिच्यातून मिनूची एक शेंडी दिसायची. नर्स आत गेली की मी तिच्या चालीकडे बघायचो, जोरात चालते की हळू. प्रधानसाहेब माझ्याशी एकदाच बोलले. म्हणाले, आपण त्या वेळी मांडवात ओरडलो असतो ना, तर तिनं गोळा टाकून दिला असता. मी म्हटलं, साहेब, तेव्हा ती मांडवात नव्हती, लॉबीत होती, तिला ऐकू आलं नसतं. हे खरं होतं की मी त्यांच्यासाठी जुळवलं होतं, मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन संध्याकाळी परत हॉस्पिटलात गेलो. प्रधानसाहेब आधीच तिथं होते. तिसऱ्या दिवशी मिनूला घरी सोडलं. पोट दुखलं नाही, रक्त दिसलं नाही. केळी खाऊन कंटाळली होती, एवढंच. सबनिसांची आई जिना उतरताना माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की पोरीला उचलून आणलंस तो तूच ना. मी हो म्हटलं. त्या पुढं गेल्या. गोळा त्यांनीच तिच्या हातात दिला होता, हे त्यांच्याही मनातून जाणार नव्हतं.

सबनिसांनी पोलिसांत तक्रार केली नाही. हॉटेलनं मात्र प्रधानसाहेबांना राजीनामा द्यायला लावला. गंमत म्हणजे, काचेबद्दल त्यांना कुणी फारसं बोललं नाही. वरच्या साहेबांचं म्हणणं एवढंच की पाहुण्याला सांगायच्या आधी आम्हाला विचारायला हवं होतं. माझं नाव चौकशीत आलं तेव्हा प्रधानसाहेब म्हणाले, बार माझा, पॅन्ट्री माझी, मेस्त्रीनं ग्लास पकडला नसता तर काय झालं असतं त्याचा विचार करा. मी राहिलो, ते गेले. जाताना कोल्ड किचनमध्ये आले, माझे सुजलेले हात हातात घेऊन दाबले आणि निघाले.

पॅन्ट्रीत मी पहिलं काम केलं ते ओट्यावरची फळी उपटून काढण्याचं. विचारलं नाही, सुतारकी घरचीच होती. ग्लास समोरच्या भिंतीवर नेले. नियम केला की बारमध्ये कुठंही ग्लास फुटला की बर्फ होता नव्हता तेवढा मोरीत, कितीही घाई असली तरी. नवा मॅनेजर म्हणायचा, मेस्त्री, तू भित्रा आहेस. मी हो म्हणायचो.

पण गोळे करणं मला जमेना. सुरी धरली की हात थरथरायचा आणि गोळा बटाट्यासारखा व्हायचा. नवा मॅनेजर गोळे बंद करायच्या गोष्टी बोलायला लागला. अशात पावसाळ्यानंतर ओकादासाहेब परत आले. बारमध्ये बसले, मला बोलावलं आणि एक बोट वर केलं. एक. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी बोट तसंच ठेवलं. मी आत गेलो आणि एक गोळा केला. तो फारसा गोल झाला नव्हता. त्यांच्यापुढं ठेवला आणि तिथंच उभा राहिलो, हलवेना. त्यांनी व्हिस्की ओतून घेतली, ग्लास उचलला आणि माझ्याकडे बघत बघत, लहान लहान घोट घेत सगळा संपवला. मग गोळा तोंडात घालता येईल एवढा लहान झाल्यावर तो तोंडात घातला आणि चघळला. त्यांनी तोंड उघडून मला दाखवलं, मुलं दाखवतात तसं. दुसऱ्या दिवशीपासून माझा हात थोडा स्थिर झाला. पूर्वीसारखा कधीच झाला नाही.

प्रधानसाहेबांना दुसरं मोठं हॉटेल मिळालं नाही. त्यांनी मुलुंडला स्टेशनरीचं दुकान टाकलं. मी वर्षातून एकदोनदा त्यांच्याकडे जायचो. एका मे महिन्यात गेलो तेव्हा वहिनींनी कोकम सरबत दिलं, वरून फ्रीजमधला बर्फ घालून. आम्ही गॅलरीत बसलो. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं, माझ्या मुलाच्या नोकरीचं, असं सगळं बोललो. हॉटेलचा विषय दोघांनीही काढला नाही. वहिनी ग्लास न्यायला आल्या आणि थबकल्या.

"आवडलं नाही का भावजी? हे पण रोज असंच करतात."

मी खाली बघितलं. बर्फ केव्हाच वितळला होता. दोन्ही ग्लासांच्या तळाशी आम्ही एकेक घोट तसाच ठेवला होता.